अठरा मैल वजा

त्या बंदरात खोटं बोलायच्या वेळा ठरलेल्या होत्या: सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार. समुद्रात गेलेल्या प्रत्येक बोटीनं या तीन वेळांना रेडिओवर आपली जागा सांगायची, असा नियम होता. कोणाचं काही बरंवाईट झालं तर शोधायचं कुठे, हे किनाऱ्यावर माहीत असावं, एवढाच त्यामागचा हेतू. नियम चांगला होता आणि सगळे तो वेळच्या वेळी पाळत. फक्त खरी जागा कोणी सांगत नसे.

याला कारण अल्बाकोर. हा ट्यूनाच्या जातीतला मासा, छातीशी दोन लांबच लांब पंख असलेला. किनाऱ्यापासून चाळीस-पन्नास मैलांवर, थंड हिरवट पाणी संपून कोमट निळं पाणी जिथे सुरू होतं, त्या सीमेवर तो फिरतो. ही सीमा रोज सरकते. सापडली, तर बोटीवरच्या हौशी गिऱ्हाइकांचे दंड दुखेपर्यंत मासा लागतो. नाही सापडली, तर दिवसभर पाणी बघायचं, वडे-बिस्किटं काही असेल ते खायचं आणि परत यायचं. गिऱ्हाईक येतं ते मासा गळाला लागावा, ओढताना दम निघावा आणि फोटो काढता यावा म्हणून. ज्याच्या बोटीवर हे होतं, त्याच्याकडेच ते पुढच्या वर्षी जातं. मग अशी जागा चारचौघांत रेडिओवर कोण सांगणार?

प्रत्येकाची खोटं बोलायची रीत वेगळी होती. कोणी आदल्या दिवशीची जागा सांगे, कोणी तोंडाला येईल ते. आपल्या गोष्टीतल्या कप्तानाची रीत साधी होती. रेखांश खरा सांगायचा आणि अक्षांशाच्या मिनिटांतून अठरा वजा करायचे; एक मिनिट म्हणजे समुद्रावरचा एक मैल. म्हणजे ऐकणाऱ्याच्या लेखी बोट खऱ्या जागेपासून अठरा मैल दक्षिणेला. पहिल्या वर्षी त्याला मनात वजाबाकी करावी लागे. सतरा वर्षं झाल्यावर डोक्याला काही कामच उरलं नाही. डोळे पडद्यावरचा आकडा वाचत आणि तोंड अठरा कमी करून मोकळं होई.

रेडिओला एक लाल बटण होतं. संकटात ते दाबलं की बोटीची जागा आपोआप किनाऱ्यावर कळते, पण त्यासाठी जागा दाखवणारं यंत्र एका वायरनं रेडिओला जोडावं लागतं. कप्तानानं ती वायर पहिल्याच दिवशी काढून टाकली होती. यंत्राचा काय नेम, नको तेव्हा खरं बोलून बसायचं.

आता सासऱ्यांकडे येऊ. सासरे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं साखळी आणि दुर्बीण घेऊन लोकांच्या हद्दी ठरवल्या. माणूस सरळ, पण नाकावर माशी बसू न देणारा. मुलीनं मासेमारीच्या बोटीवरचा नवरा निवडला तेव्हा त्यांनी महिनाभर अबोला धरला होता. “त्या बंदरावर एक माणूस खरं बोलत नाही,” असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. पुढे राग निवळला, पण जावयाशी ते बोलत ते अहो-जाहो करून, सरकारी पत्र वाचून दाखवावं तशा आवाजात. जावई त्यांना बाबा म्हणे आणि शक्यतो समोर येणं टाळे.

यंदा ते लेकीकडे दोन महिने राहायला आले. पंधरा दिवसांत घरातली सगळी दारं, कपाटं आणि भिंतीवरच्या तसबिरी त्यांनी काटकोनात आणून ठेवल्या. मग एके संध्याकाळी म्हणाले, “जावईबापू, तुमचं काम बघायचंय एकदा.”

बायकोनं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. “त्यांचं वय बहात्तर आहे. नेताय तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. मला दुसरं कोणी नाहीये.”

“मी कोण मग?”

“तुम्ही आहातच हो. वडील एकच आहेत.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना बोट निघाली. कप्तानाखेरीज बोटीवर तिघं होती. एक सासरे. दुसरा खलाशी, ज्याला त्याच्या मिशांवरून सगळं बंदर ‘मिशी’ म्हणत असे. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. आणि तिसऱ्या, दर वर्षी न चुकता येणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या म्हणत, वर्षभर लोकांच्या तोंडात बघते, दोन दिवस लांब कुठेतरी बघू दे.

आठ वाजता निळं पाणी लागलं. कप्तानानं रेडिओचा माइक उचलला. पडद्यावर अक्षांशाचे बेचाळीस होते. कप्तान बोलला, “चोवीस.”

पलीकडून किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रातल्या ताई म्हणाल्या, “चोवीस. लिहिलं.” या ताईंनी इतकी वर्षं इतकं खोटं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं, की त्यांना पेन्शनपेक्षा बक्षीसच द्यायला हवं होतं.

सासरे केबिनमध्ये चहाचा पेला धरून बसले होते. “जावईबापू, नजर माझी गेलीय की तुमची?”

“का बाबा?”

“तिथे बेचाळीस दिसतंय.”

“हो. इथे असंच सांगतात.”

“सगळेच?”

“सगळेच.”

“मग ऐकणाऱ्याला कळतं काय?”

“काहीच नाही. म्हणून तर सांगायचं.”

सासऱ्यांनी पेला खाली ठेवला. “मी चौतीस वर्षं मोजणी केली. वीतभर चुकलं तर सख्ख्या भावांची डोकी फुटायची. आणि तुम्ही अठरा मैल गिळून वर चहा पिताय.” कप्तानानं चाक थोडं उत्तरेला वळवलं.

साडेअकराच्या सुमाराला पाण्यावर पक्षी घिरट्या घालताना दिसले. बोटीमागे चार दोऱ्या सोडलेल्या होत्या, टोकांना पिसांची नकली आमिषं. बोट त्या थव्याच्या कडेनं वळली आणि दोन रीळं एकदम किरकिरली. एक रॉड डॉक्टरीणबाईंनी धरला. दुसऱ्याकडे मिशी धावला, तोवर सासरे उठले होते. “मी धरतो,” ते म्हणाले. मिशीनं कप्तानाकडे बघितलं. कप्तानाला बायको आठवली, पण इतक्या वर्षांत सासऱ्यांनी त्याच्याकडे काही मागायची ही दुसरीच वेळ होती. त्यानं मान हलवली.

अल्बाकोर उड्या मारत नाही. तो खाली जातो, सरळ खाली, आणि ओढणाऱ्याला वाटतं की समुद्राचा तळच वर ओढायचाय. सासरे वीस मिनिटं लढले. मिशी मागून कमरेला धरून उभा होता. टोपी उडाली, चष्मा ओघळला, पण कोणी रॉडला हात लावायला गेलं की सासरे गुरगुरत. शेवटी मासा वर आला. मिशीनं त्याला आकडीनं आत घेतलं, कल्ल्यांमागे काप देऊन रक्त जाऊ दिलं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात सोडलं.

“एवढी घाई कसली?” सासऱ्यांनी विचारलं.

“याचं रक्त गरम असतं,” कप्तान म्हणाला. “वेळ गेला तर मांस बिघडतं.”

“वेळेला महत्त्व आहे म्हणजे तुमच्यात,” सासरे म्हणाले आणि चक्क हसले. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि होते तिथेच, केबिनच्या दारात, खाली बसले.

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. घामानं सदरा भिजला होता. डॉक्टरीणबाईंनी आपला रॉड मिशीच्या हातात कोंबला आणि गुडघ्यांवर बसून नाडी धरली. “मी दातांची आहे,” त्या म्हणाल्या, “पण हे हृदयाचं आहे एवढं मला कळतं.” त्यांनी सासऱ्यांना दाराला टेकवून अर्धवट बसवलं, गुंड्या सोडल्या, बोटीवरच्या औषधांच्या डब्यातली ॲस्पिरिनची गोळी चावायला लावली. “दवाखाना किती लांब?”

“अडीच तास.”

बाईंनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. आपण या माणसाला घरी नेणार आहोत की नाही, आणि नाही नेलं तर बायकोसमोर उभं कसं राहायचं, एवढंच कप्तानाच्या डोक्यात घुमत होतं.

त्यानं लाल बटण दाबलं. ताईंचा आवाज लगेच आला. “बोला. बटण दिसलं, पण जागा दिसत नाहीये. तोंडी सांगा.”

कप्तानानं काय झालंय ते सांगितलं. मग पडद्याकडे बघितलं, आणि दोन्ही आकडे सावकाश, शब्द तोडून, एकेक आकडा दोनदा सांगितला. अक्षांश, अठ्ठावीस.

“अठ्ठावीस. हेलिकॉप्टर निघतंय. चाळीस मिनिटं लागतील. बोट वाऱ्याकडे तोंड करून हळू चालू ठेवा आणि त्यांना जागं ठेवा.”

कप्तानानं मिशीला हातातल्या रॉडची दोरी कापायला लावली, चाक त्याच्याकडे दिलं आणि सासऱ्यांजवळ येऊन बसला. सासऱ्यांचे डोळे उघडे होते. ते त्याच्याकडे असे रोखून बघत होते की त्याला नजर वर करवेना. वेदना होत असतील, असं त्याला वाटलं. तो त्यांचा हात चोळत राहिला आणि “आलंच हेलिकॉप्टर, बाबा, आलंच,” एवढंच म्हणत राहिला. इतक्या वर्षांत त्यांचा हात त्यानं कधी हातात घेतला नव्हता. अकरा मिनिटं अशी गेली.

मग रेडिओ खरखरला. आवाज बगळ्याचा होता. बगळा म्हणजे दुसऱ्या बोटीचा कप्तान, उंच मानेचा, बारा महिने आपल्या कप्तानाच्या मागावर असलेला. दोघांचं एकमेकांशी धड बोलणं नव्हतं. कोण कोणाला हुलकावणी देतो, एवढाच संबंध.

“अरे, तू आहेस कुठे?” बगळा म्हणाला.

“मधे बोलू नको. संकटाची वेळ आहे.”

“म्हणूनच बोलतोय. तुझं ऐकलं तेव्हा मी तीनच मैलांवर होतो. दोऱ्या कापल्या आणि आलो. अठ्ठावीसवर उभा आहे. इथे पाणी आहे, पक्षी आहेत, तू नाहीयेस.”

कप्तानानं पडद्याकडे बघितलं. शेहेचाळीस. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. समोर माणूस मरणाच्या दारात होता, स्वतःच्या बायकोचा बाप, आणि आपल्या तोंडानं अठरा वजा केले. मुद्दाम नाही, विचार करून नाही. सवयीनं. स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं त्याला वाटलं, पण त्यालाही वेळ नव्हता.

“ताई,” तो माइकमध्ये ओरडला, “शेहेचाळीस. अठ्ठावीस नाही, शेहेचाळीस. मी चुकीचं सांगितलं. हे खरं आहे. शपथेवर सांगतो.”

मग ताई म्हणाल्या, “शेहेचाळीस. हेलिकॉप्टरला वळवते. अजून अर्ध्या वाटेवरही नाही आलं, काळजी करू नका. आता सगळ्यांनी ऐका. कोणाच्या बोटीवर ऑक्सिजन आहे? आणि सकाळी मला काय लिहायला लावलंत ते विसरा. आत्ता कुठे आहात ते सांगा.”

आणि मग त्या बंदराच्या इतिहासात कधी झालं नव्हतं ते झालं. एकेक बोट खरं बोलायला लागली. “त्रेचाळीसवर आहे, ऑक्सिजन नाही.” “पंचेचाळीस, आमच्याकडेही नाही.” “सत्तेचाळीस,” एक ओशाळलेला आवाज म्हणाला, “सकाळी दहा सांगितलं होतं, माफ करा ताई.” निम्मं बंदर पाच मैलांच्या आत होतं. सगळे त्याच सीमेवर, त्याच माशावर, एकमेकांना क्षितिजाआड लपवून. “चव्वेचाळीस,” शेवटी एक बाई बोलली; तिची बोट पाणबुड्यांना न्यायची. “माझ्याकडे दोन सिलिंडर आहेत. निघालेय.”

ती नऊ मिनिटांत आली. अशी आली की तिच्या लाटेनं यांची बोट हेलकावली आणि मिशीनं पहिल्यांदाच तोंड उघडून कोणाचे तरी आभार मानले. डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांच्या तोंडावर मास्क बसवला. हळूहळू त्यांच्या ओठांचा निळेपणा गेला. हेलिकॉप्टर आलं, वरून माणूस उतरला, सासऱ्यांना पट्ट्यांनी बांधून वर घेतलं. जाताना त्यांनी एक बोट उचलून कप्तानाकडे केलं. आशीर्वाद होता की दम, ते वाऱ्यात कळलं नाही.

परतीच्या वाटेवर कप्तान चाकाशीच उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी त्याला चहा करून दिला, तो तसाच गार झाला. तीन वाजायला आले तेव्हा रेडिओवर ताई आल्या.

“पेशंट पोहोचले. नस मोकळी केलीय. धोका टळलाय, असं डॉक्टर म्हणतात. शुद्धीवर आहेत आणि पलंग भिंतीला समांतर नाही म्हणून तक्रार करतायत.”

कप्तानाचा जीव भांड्यात पडला. तो चाकावर डोकं टेकवून रडला, चांगला हुंदके देऊन. मिशीनं त्याच्या हाताखालून चाक काढून घेतलं आणि बोट किनाऱ्याच्या दिशेनं चालू ठेवली. रेडिओवर एकामागून एक आवाज येत होते, बरं झालं म्हणत. बगळा शेवटी आला. “सुटलास रे,” तो म्हणाला.

“तू अठ्ठावीसजवळ काय करत होतास?” कप्तानानं विचारलं.

“सकाळी तू चोवीस म्हणालास. म्हटलं, सतरा वर्षांत एखाद्या दिवशी तरी खरं बोलला असशील. दिवसभर एक मासा लागला नाही.” मग म्हणाला, “नाही लागला तेच बरं झालं. लागला असता तर तिथून हललो नसतो.”

धक्क्यावर उतरल्यावर कप्तानानं पहिलं काम केलं ते म्हणजे बगळ्याची वाट बघितली. बगळ्यानं त्याला दवाखान्यात आपल्या गाडीनं सोडलं. त्या रात्री मात्र बायकोखेरीज कोणाला आत जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या खोलीत ऊन आलं होतं. बायको खुर्चीत बसून वडिलांसाठी सफरचंद चिरत होती. रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा होता. नवऱ्याला बघून ती उठली, त्याच्या खांद्यावर क्षणभर कपाळ टेकलं आणि म्हणाली, “वेळेवर कळवलंत म्हणून वाचले.”

आकड्यांचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नाही, मिशीनं नाही, बगळ्यानंही नाही. गप्प राहिलं तर कधी कळलंही नसतं. पण आता खोटं कप्तानाच्या तोंडातून निघेना. “वेळेवर नाही,” तो म्हणाला. “मी आधी जागा चुकीची…”

“मला माहीत आहे,” पलंगावरून सासरे म्हणाले. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट. “शेहेचाळीस होतं. पडलो होतो तिथून मला पडदा दिसत होता. तुम्ही अठ्ठावीस म्हणालात. आणि मला वाटलं, मुद्दाम म्हणालात. मासा चांगला लागतोय, जागा कोणाला कळायला नको, म्हातारा काय, आज ना उद्या जाणारच.”

ती रोखलेली नजर कप्तानाला आत्ता कळली. अकरा मिनिटं या माणसाचा हात तो चोळत होता, आणि हा माणूस ते समजून मरायला निघाला होता. “बाबा, मी…” तो म्हणाला.

“थांबा, मला बोलू द्या. ओरडावं तर छातीत श्वास नव्हता. मग मी मनातल्या मनात शिव्या द्यायला लागलो. अरे-तुरे करून. अशा शिव्या मी आयुष्यात कोणाला दिल्या नाहीत. एक संपली की दुसरी. डोळे मिटायला लागले की वाटायचं, छे, याची अजून बाकी आहे. आज सकाळी डॉक्टर म्हणाला, आजोबा, तुम्ही इतका वेळ शुद्ध ठेवलीत, कमाल आहे. आता कशी ठेवली ते त्याला काय सांगू?”

बायकोच्या हातातली सुरी तशीच राहिली. ती एकदा नवऱ्याकडे, एकदा बापाकडे बघत होती. रडावं की हसावं ते तिला कळेना, आणि मग तिला दोन्ही एकदम आलं.

“मग तो उंच आवाजाचा माणूस रेडिओवर बोलला,” सासरे म्हणाले, “आणि मी तुमचं तोंड बघितलं. मुद्दाम खोटं बोलणारा माणूस असा पांढरा पडत नाही. तेव्हा मी थांबलो.” त्यांनी उशीवर डोकं नीट केलं. “पण यादी अर्धी राहिली. ती मनात अडून बसलीय. रात्रभर झोप नाही.”

“बाबा, डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय,” बायको डोळे पुसत म्हणाली.

“मोठ्यानं बोलू नका म्हटलंय. मी हळू देतो.”

कप्तानानं कोपऱ्यातलं स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. सासऱ्यांनी गाढवापासून सुरुवात केली. मग थापाड्या, कोडगा, नतद्रष्ट, दीडशहाणा, हलकट, एकेक शब्द मोजून, कुठेही घाई न करता. कप्तान मान खाली घालून प्रत्येक शिवीला हो म्हणत होता, आणि प्रत्येक शिवीगणिक त्याच्या छातीवरचं ओझं थोडं थोडं उतरत होतं. मध्येच सासऱ्यांना धाप लागली. त्यानं पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला.

“सावकाश, बाबा,” तो म्हणाला. “मला कुठे जायचं नाहीये.”